माय फेअर लेडी: गाणी डोक्यातून जात नाहीत, शेवट गळी उतरत नाही. तुम्हाला काय वाटतं?

चाफेकळी:

परवा रविवारी लेकीला बसवून माय फेअर लेडी दाखवला, तोच, फुलं विकणाऱ्या गरीब एलायझाला उच्चारांचा प्रोफेसर हिगिन्स बोलायला शिकवून लेडी करतो तो. ती १५ वर्षांची आहे. मी स्वतः तो कितव्यांदा बघत होते ते मोजलेलं नाही. बाबांकडे ह्याची एलपी होती, तिच्या कव्हरवर ढगात बसलेला दाढीवाला बर्नार्ड शॉ, म्हणजे ही गोष्ट मुळात लिहिणारा नाटककार, दोऱ्या ओढतोय, त्या दोऱ्यांना हिगिन्स बांधलेला आणि हिगिन्सच्या हातातल्या दोऱ्यांना एलायझा, असं चित्र होतं. पिक्चर बघायच्या कितीतरी आधी मी ते चित्र बघत बसायचे आणि गाणी तर शब्द न कळताच पाठ झाली होती. ती एलपी नाटकाची होती हे फार उशिरा कळलं, म्हणजे माझ्या कानात बसलेला आवाज ज्यूली अँड्र्यूजचा, पडद्यावर ऑड्री हेपबर्न, आणि पडद्यावरच्या ऑड्रीचा गाण्यातला आवाज तिसऱ्याच बाईचा.

तर लेक मजेत बघत होती. एलायझाच्या तोंडात गोट्या भरून तिला बोलायला लावतात, त्यातली एक ती गिळते आणि हिगिन्स म्हणतो काळजी करू नकोस, माझ्याकडे अजून भरपूर आहेत, तिथे ती इतकी हसली की मला मागे नेऊन परत दाखवावं लागलं. आणि मग तो रेन इन स्पेनचा सीन. मध्यरात्र उलटून गेलीय, हिगिन्स, त्याचा मित्र पिकरिंग आणि एलायझा तिघंही थकून मेलेत, हिगिन्सच्या डोक्यावर बर्फाची पिशवी आहे, आणि इतका वेळ नुसता ओरडणारा हा माणूस पहिल्यांदा आवाज खाली आणून तिला सांगतो की तू काय मिळवायला निघालीयेस बघ, ही भाषा किती मोठी आहे बघ. आणि ती हळूच, जवळजवळ पुटपुटल्यासारखं, उच्चारासाठी घोटून घेतलेलं ते रेन इन स्पेनचं वाक्य बरोबर म्हणते. मग गाणं, मग नाच. मला आजही तिथे घशात दाटून येतं. गाणं असं यावं की आता बोलून भागणारच नाही म्हणून आलं, आणि ह्या पिक्चरमध्ये गीतकार लर्नर आणि संगीतकार लोव ह्या जोडीची बरीचशी गाणी तशीच येतात.

पण तीन तास होत आले, शेवट झाला, हिगिन्स खुर्चीत मागे रेलून टोपी डोळ्यांवर ओढतो आणि विचारतो माझ्या सपाता कुठायत, आणि ही हसत उभी. लेक वळून म्हणाली, "आई, ती परत का आली? त्याने साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही." मला खरंच उत्तर देता आलं नाही. मी इतकी वर्षं गाण्यांच्या नादात तो प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता असं लक्षात आलं, आणि दोन दिवस तेच डोक्यात आहे.

म्हणून विचारते. ज्यांना हा पिक्चर आवडतो त्यांना नेमकं काय आवडतं आणि काय खटकतं? मला खटकणाऱ्या गोष्टी: लांबी (१७० मिनिटं), एलायझावर भाळलेल्या फ्रेडीचं पात्र फक्त रस्त्यावर उभं राहून गाण्यापुरतं, आणि हिरो हिरॉइनच्या वयात २१ वर्षांचं अंतर. आणि अर्थात शेवट.

कान_देऊन:

चाफेकळीताई, मस्त विषय काढलात. मी साउंडवाला माणूस, बरीच वर्षं सिरियलच्या सेटवर नटांच्या कपड्यांना छोटे लेपल माइक लावण्यात गेलीत, त्यामुळे मी हा पिक्चर कानानेच बघतो आणि मला त्याची ताकद आणि त्याची चूक दोन्ही एकाच जागी सापडतात.

हिगिन्सचं काम करणाऱ्या रेक्स हॅरिसनने स्पष्ट सांगितलं होतं की मी आधी गाणं रेकॉर्ड करून त्याच्यावर ओठ हलवणार नाही. तो मुळात गातच नाही, सुरावर बोलतो, आणि दर वेळी जरा वेगळं बोलतो, कधी शब्द खेचेल, कधी मध्येच थांबेल, ते प्लेबॅकला जुळवणं शक्यच नाही. म्हणून त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक दडवला आणि गाणी शूटिंगच्या वेळी लाइव्ह घेतली. १९६३ साली ही साधी गोष्ट नव्हती, आज आपण खिशातून ट्रान्समिटर काढून पाठीला चिकटवतो तसं तेव्हा नव्हतं. त्याचा परिणाम ऐका. आय हॅव ग्रोन अ‍ॅकस्टम्ड टु हर फेस ह्या शेवटच्या गाण्यात तो रस्त्याने चालत येतोय, चिडतोय, फ्रेडीशी लग्न करून तिचे कसे हाल होतील ह्याची मनातल्या मनात मजा घेतोय, आणि मग एकदम आवाज मऊ पडतो, श्वास ऐकू येतो. तो श्वास त्या क्षणाचा आहे, स्टुडिओत महिनाभर आधी घेतलेला नाही. त्या वर्षी ह्या पिक्चरला जी ८ ऑस्कर मिळाली त्यात साउंडचंही होतं आणि ते शंभर टक्के योग्य होतं.

आता दुसरी बाजू. ऑड्रीने गाण्याची तालीम केली होती, गाणी रेकॉर्ड पण केली होती. ती बाजूला ठेवून मार्नी निक्सनचा आवाज वापरला. मार्नी निक्सन जबरदस्त गायिका, द किंग अँड आयमध्ये डेबोरा करसाठी आणि वेस्ट साइड स्टोरीत नॅटली वुडसाठी तीच गायली. पण पडद्यावर नाव कुठेच नाही. आपल्याकडे प्लेबॅकचं कुणाला काही वाटत नाही, कारण आपण ते उघडपणे करतो, लताबाई गातायत हे लहान पोरालाही माहीत असतं आणि हिरॉइनच्या बरोबरीने गायिकेचं नाव लागतं. तिकडे ते लपवायचे. म्हणजे बघा, एका मुलीला तिचा आवाज बदलायला लावणाऱ्या माणसाची गोष्ट, आणि ती गोष्ट सांगताना हिरॉइनचा खरा आवाज काढून टाकला, हिरोचा मात्र श्वाससुद्धा जपला. मला ही ह्या पिक्चरची सगळ्यात मोठी चूक वाटते, शेवटापेक्षाही मोठी. तिच्या गाण्यात कुठेतरी काचेपलीकडून ऐकल्यासारखं वाटतं ते ह्यामुळे.

एक प्रयोग करा. जस्ट यू वेट हे गाणं हेडफोन लावून ऐका. ती हिगिन्सच्या नावाने बोटं मोडते तो खरखरीत भाग ऑड्रीचा स्वतःचा आहे, आणि मध्ये ती राजाने आपल्याला बोलावलंय असं स्वप्न रंगवते तो गोड सुरेल भाग मार्नीचा. सांधा ऐकू येतो.

पेरू_मीठ:

मला गोष्ट वगैरे ठीक, पण अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या रेसचा सीन हा एकटाच तिकिटाचे पैसे वसूल करतो. कपडे डिझाइन करणाऱ्या सिसिल बीटनने अख्खी गर्दी काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगात उभी केलीय. १९१० साली सातवा एडवर्ड राजा वारला तेव्हा अ‍ॅस्कॉटच्या रेसला लोक खरोखर काळ्या कपड्यांत आले होते, ते त्याच्या डोक्यात होतं. आणि ती सगळी माणसं पुतळ्यासारखी उभी राहून, चेहऱ्यावरची माशी न हलवता गातात की काय थरार आहे, काय थरार आहे! घोडे समोरून जातात तरी मान हलत नाही. आणि मग ह्या सगळ्यांमध्ये एलायझा एकटीच घोड्याच्या नावाने खरंखुरं ओरडते. तिथे कळतं की जिवंत कोण आहे.

खटकतं एवढंच की कॉव्हेंट गार्डनसकट सगळं लंडन कॅलिफोर्नियात स्टुडिओत बांधलेलं आहे आणि ते दिसतं. पाऊस पडला तरी चिखल होत नाही. रंगमंचावरचं नाटक कॅमेऱ्याने बघतोय असं खूप वेळा वाटतं. जॉर्ज क्यूकर मोठा दिग्दर्शक पण इथे त्याने कॅमेरा फार जपून वापरलाय.

जुना_गिरगावकर:

शेवटाबद्दल थोडं लिहितो, कारण हे भांडण पिक्चरपेक्षा पन्नास वर्षं जुनं आहे.

माय फेअर लेडी ज्यावरून आलं ते शॉचं पिग्मॅलियन नाटक लंडनमध्ये १९१४ साली रंगमंचावर आलं. शॉसाहेबांनी एलायझाला शेवटी निघून जाताना दाखवलं होतं. पण हिगिन्सचं काम करणारा नट हर्बर्ट बीअरबोम ट्री, त्याला लोकांच्या टाळ्या हव्या होत्या, तो पडदा पडता पडता एलायझाकडे फुलांचा गुच्छ फेकायला लागला. शॉ भयंकर संतापले. मग १९१६ साली त्यांनी छापील नाटकाला लांबलचक उपसंहार जोडून लिहून टाकलं की एलायझा फ्रेडीशी लग्न करते, फुलांचं दुकान काढते, दुकान चालवताना दोघांची ओढाताण होते, सगळं अगदी हिशेबासकट. म्हणजे लेखकाने दार बंद करून कडी घातली होती. तरीही पिग्मॅलियनवरच्या १९३८ च्या पिक्चरमध्ये ती परत येते आणि तो सपाता मागतो. स्क्रिप्टचं ऑस्कर शॉच्याच नावावर आहे पण तो शेवट त्यांचा नव्हे. रेन इन स्पेनचं वाक्यही त्याच पिक्चरमधून आलंय, मूळ नाटकात ते नाही. माय फेअर लेडी रंगमंचावर आणणाऱ्या म्युझिकलवाल्यांनी १९५६ मध्ये दोन्ही उचललं, तोवर शॉ जाऊन सहा वर्षं झाली होती, विचारायला कुणी नव्हतं.

तर तुमच्या लेकीने जे विचारलं तेच शॉने विचारलं असतं, तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

माझं मत असं की रोमँटिक कॉमेडी म्हटली की दोघं शेवटी एकत्र यायलाच हवीत हा जो साचा आहे त्यात ही गोष्ट बसत नाही आणि बसवायला गेलं की ती एका बाजूने फाटते. विदाउट यू ह्या गाण्यात ती त्याला तोंडावर सांगते की तू नसलास तरी पृथ्वी फिरेल आणि भरतीही येईल. इतकं म्हणून झाल्यावर परत येणाऱ्या बाईला कारण हवं, आणि ते कारण पिक्चर देत नाही.

आमच्या पिढीने आधी पिग्मॅलियनवरूनच केलेलं पुलंचं नाटक 'ती फुलराणी' पाहिलं, १९७५ चं, भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी. मी शिवाजी मंदिरला पाहिलं. माय फेअर लेडी त्यानंतर पाहिला आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही की ऑड्री कितीही गोड असली तरी सुरुवातीची फुलवाली ती वाटत नाही, गालाला काजळी फासलेली राजकन्या वाटते. भक्ती बर्वेच्या मंजुळेने स्वगतात पदर खोचला की रस्त्यावरची धूळ स्टेजवर आल्यासारखी वाटायची. ऑड्रीचं खरं काम दुसऱ्या अर्ध्यात सुरू होतं.

वऱ्हाडी_ठेचा:

वाचत होते, लिहिणार नव्हते, पण काकांनी फुलराणी काढली म्हणून लिहिते.

मी अकोल्याकडची. बारावीनंतर पुण्यात शिकायला आले. पहिल्याच आठवड्यात वर्गात "पानी" म्हणाले. शिकवणाऱ्या बाईंनी मला उभं करून पाच वेळा "पाणी" म्हणायला लावलं, आणि पाचव्या वेळेला मला जमलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी आजही विसरले नाही. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याचा काही उपयोग नाही. नंतर केव्हातरी होस्टेलच्या टीव्हीवर हा पिक्चर लागला. एका ज्योतीपुढे बसवून एलायझाकडून ह चे उच्चार करून घेतात, ह नीट आला तर ज्योत हलायला पाहिजे, तो सीन बाकीच्या मुली हसून बघत होत्या. मी ज्योतीकडेच बघत होते.

म्हणून मला ह्या पिक्चरचं बळ कुठे वाटतं सांगू का, बॉल, म्हणजे बड्या लोकांचा तो नाचाचा समारंभ, संपल्यानंतर. घरी आल्यावर हिगिन्स आणि पिकरिंग एकमेकांचं कौतुक करत यू डिड इट गातात, तू जिंकलास, तू करून दाखवलंस, नोकरमाणसं पण येऊन त्यात सामील होतात. आणि ती तो पांढरा गाऊन घालून कडेला उभी आहे. एकाही माणसाने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. तिला त्या गाण्यात एक ओळ नाही. जाता जाता हिगिन्स तिला सांगतो दिवे मालव. आणि ती मालवते. एकेक दिवा विझत जातो आणि तिचा चेहरा मात्र आणखी आणखी स्पष्ट होत जातो, मग ती कोसळून रडते. कान_देऊन म्हणतात तसा तिचा आवाज काढून घेतला असेल, पण तिथे ती गप्प आहे, ते गप्प राहणं तर तिचंच आहे ना, त्याला कोण डब करणार.

आणि दुसरं म्हणजे ती पहाटे परत कॉव्हेंट गार्डनला जाते तो सीन. जुने सोबती शेकोटीभोवती तेच जुनं गाणं गातायत, आणि तिला कुणी ओळखत नाही, मॅडम काही हवंय का असं अदबीने विचारतात. मी दोन वर्षांनी घरी गेले होते तेव्हा मावशी म्हणाली, "काय वो, पुन्याची बोली बोलून राह्यली तू." ती प्रेमानेच म्हणाली, पण मला पुण्यातही जागा नव्हती आणि आता तिथली पण गेली असं वाटलं. एलायझा हिगिन्सला तेच म्हणते की मी फुलं विकत होते, स्वतःला विकत नव्हते, आता तू मला लेडी केलंस तर मला दुसरं काही विकायची सोयच राहिली नाही. हसत्या खेळत्या म्युझिकलमध्ये इतकं खरं वाक्य आहे, त्यासाठी मी बाकीच्या सगळ्या चुका पदरात घ्यायला तयार आहे.

टेम्स_किनारा:

वरचं वाचून डोळे भरले. मी लंडनला १२ वर्षं आहे. पेरू_मीठ, कॉव्हेंट गार्डनमधलं ते खांबांचं चर्च, पिक्चरमधलं सेटवरचं असलं तरी, लंडनमध्ये खरोखर आहे बरं का, सेंट पॉल्स, इनिगो जोन्सने बांधलेलं, पावसात सगळे आडोशाला उभे राहतात तेच. समोर आता जादूगार आणि कसरतवाले खेळ करतात. फुलबाजार १९७४ सालीच नाइन एल्म्सला हलला. माझ्या ऑफिसात एक बाई अजून शब्दाच्या सुरुवातीचा ह खातात आणि कुणी त्यांना दुरुस्त करत नाही, ते ऐकून मला बरं वाटतं.

कान_देऊन:

गिरगावकर काका, तुमचा मान ठेवून थोडं वेगळं म्हणतो. परत यायला कारण नाही असं मला वाटत नाही, ते बोलून दाखवलेलं नाही इतकंच. शेवटच्या सीनला हिगिन्स एकटा बसून रेकॉर्डिंगच्या मशीनवर तिचा जुना आवाज ऐकतोय, पहिल्या दिवशीचा, गावठी. ती मागून येते आणि मशीन बंद करते. आणि उरलेलं वाक्य स्वतः म्हणते, त्याच जुन्या बोलीत, की मी यायच्या आधी हात तोंड धुतलंय. म्हणजे त्याने पकडून ठेवलेला आवाज तिने थांबवला आणि आता ती कोणत्या बोलीत बोलायचं ते स्वतः ठरवून बोलते. दोन्ही तिच्याकडे आहेत. मला हा हार मानणाऱ्या बाईचा सीन वाटत नाही. पिक्चर जर त्याच वाक्यावर संपवला असता तर शॉलाही फारशी तक्रार राहिली नसती. चूक पुढच्या तीन सेकंदांची आहे, ती सपातांची.

जुना_गिरगावकर:

मशीनचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. हे मान्य. सपातांबद्दल आपलं एकमत आहेच. पण तो खुर्चीतून उठला असता तरी चाललं असतं हो, नुसता उठला असता तरी.

चाफेकळी:

सगळ्यांचे किती आभार मानू. वऱ्हाडी_ठेचा, तुझं दोनदा वाचलं आणि लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. काल रात्री आम्ही दोघींनी पूर्ण पिक्चर न लावता फक्त तीन सीन परत पाहिले. दिवे मालवण्याचा सीन आधी. पहिल्या वेळी त्या गाण्यात आम्ही दोघी पुरुषांकडेच बघत होतो, ते नाचतात, जिने चढतात, नजर तिकडेच जाते. ह्या वेळी आम्ही फक्त तिच्याकडे बघायचं ठरवलं, आणि ती किती वेळ हातसुद्धा न हलवता उभी आहे ते बघून लेक म्हणाली हे तर वेगळंच गाणं आहे.

मग मशीनचा सीन. तिला अजूनही शेवट पटलेला नाही, काका, ती तुमच्याच बाजूची आहे. मी थोडी कान_देऊनकडे सरकलेय.

आणि ऑस्करबद्दल वाचून तिला फार वाईट वाटलं. पिक्चरला १२ नामांकनं आणि त्यात ऑड्री नाही, त्याच वर्षी ज्यूली अँड्र्यूज मेरी पॉपिन्ससाठी बक्षीस घेऊन गेली, आणि रेक्स हॅरिसनला त्याचं बक्षीस द्यायला स्टेजवर उभी कोण, तर ऑड्रीच. ती तिथे हसत उभी होती हे ऐकून लेक काही बोलली नाही.

शेवटी जस्ट यू वेट. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. मी तिला फक्त इतकंच सांगितलं की ह्यात कुठेतरी बाई बदलते, कुठे ते सांगितलं नाही. पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिने मध्येच बोट वर केलं. म्हणाली, "इथे. इथून ती नाहीये." आणि मग थोड्या वेळाने, "आता परत आली."